ताई आतल्या खोलीत बसली नाही

माझं लग्न ठरावं म्हणून मी सख्ख्या बहिणीला लपायला सांगितलं होतं.

परवा ताई गेली. आज लिहून टाकते.

सुमनताई. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय बारीकच राहिला.

बोर्ली पंचतनच्या बाजारात तिचं ब्लाऊज शिवायचं दुकान. शिलाई मशीनला मोटर लावून घेतलेली.

गिऱ्हाइकं तिच्या पायाबद्दल कुजबुजायची. ती म्हणायची,
"मोठ्याने बोला हो. पायाला झालंय, कानाला नाय."

घरात मात्र पोलिओ हा शब्द बंद. आई सांगायची, "पायाला जरा लागलंय तिच्या."
तीस वर्षं लागलेलंच!

मला बघायला अलिबागकडची माणसं यायची होती. ताईला सांगायला आईने मला पुढे केलं.

"ताई, तासभर आतल्या खोलीत बसशील?"

ती उठून आत गेली.

पाहुण्यांचे पोहे संपत आले आणि ताई बाहेर आली. कुबडी टेकत, नवी साडी नेसून.

"मी हिची मोठी बहीण. मला पोलिओ आहे. उद्या बाहेरून कळणारच, त्यापेक्षा माझ्याकडूनच कळू दे."

मुलाच्या आई उठल्याच. "फोन करतो" म्हणाल्या.
फोन आला नाही.

पंधरा दिवस मी ताईशी बोलले नाही. मग भांडायलाच दुकानात गेले.

"माझं स्थळ मोडलंस तू!"

दाताने दोरा तोडत ती म्हणाली, "मला लपवून लग्न केलं असतंस, तर पुढे मला भेटायला पण चोरून आली असतीस. चाललं असतं तुला?"

मी तिथेच रडायला लागले. तिने एक ब्लाऊज माझ्या मांडीवर टाकला.
"रड. पण हुक लाव."

पुढच्या स्थळाला मीच फोनवर सांगितलं, "ताईला पोलिओ आहे आणि बैठकीत ती असणार."
ते आले. आत्ता किचनमध्ये भेटायला आलेल्यांसाठी चहा करतायत ते तेच.

परवा अंगणात नात्यातली एक बाई म्हणाली, "सुटली बिचारी."

मी सगळ्यांदेखत म्हटलं, "बिचारी नव्हती ती. अडकलेली पण नव्हती. न्यूमोनियाने गेली. आदल्या आठवड्यापर्यंत दुकान उघडं होतं."

त्या बाईला वाईट वाटलं असेल. वाटू दे.

स्टेटस ठेवणार असाल तर 'दिव्यांग असूनही' लिहू नका. त्या 'असूनही'चा तिला फार राग होता.

ताई, तुला मनापासून निरोप.
आणि त्या एका तासाची माफी.