लायकाकूची पेज

आमच्या पांगकाकांनी उभा जन्म गोऱ्यांना खाऊ घालण्यात घालवला, आणि त्यांच्या पोटाविषयी एकच गोष्ट मनाशी पक्की धरली: हाड दिसलं की यांना मांजर आठवतं. म्हणून ते सगळ्याचं हाड काढत, पीठ लावून तळत आणि वर लाल गोड रस्सा ओतत. हे इंग्लंडात, लँकेशायरमधल्या गिरणीच्या गावातल्या आमच्या चिनी खानावळीतलं, १९७४ सालचं. काउंटरवर मी, त्यांची पुतणी. इंग्रजी बोलायचं काम माझं. मागच्या खोलीत त्यांची बायको, लायकाकू, घरच्यांसाठी वेगळं शिजवायची, डोक्यासकट मासा नाहीतर कोंबडीचे पाय. तो वास गिऱ्हाइकांना जाऊ नये म्हणून मधलं दार कायम लोटलेलं असे.

"काय हो, आज कुठलं मांजर कापलंत?"

दारू पिऊन येणारा प्रत्येक जण हाच विनोद करी आणि तो आपल्यालाच सुचला अशा थाटात हसे. काकाही हसत. माझा मात्र तिळपापड होई.

"तुम्ही कशाला हसता, काका?"

"अगं, तान्ह्या मुलांची पोटं यांची. गोड आणि मऊच लागतं. तान्ह्या मुलांवर कोणी रागावतं का?"

मग काकूच्या पोटात गाठ निघाली आणि तिला इस्पितळात ठेवलं. तिथं तिच्यापुढे आलं काय, तर गार सँडविच, बर्फाचं पाणी आणि बशीत थरथरणारी पिवळी जेली. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. आजारी माणसाला गार काही देणं म्हणजे आमच्यात जिवावर उठणंच.

"हिला लवकर वाटेला लावायचंय यांना," असं म्हणून त्यांनी जेली खिडकीतल्या कुंडीत रिकामी केली. दर शनिवारी आमच्याकडून जेवण नेणाऱ्या नर्स ऑगडेनबाईंनी ती मुद्दाम मागून आणली होती, हे मी सांगून पाहिलं. ऐकतील तर ते काका कसले!

काकूनं एकच मागितलं. काळ्या अंड्याची पेज, एक घास का होईना. चुन्या-राखेत मुरवलेलं बदकाचं अंडं ते. काकांनी लिव्हरपूलला जाऊन अंडी आणली, पहाटे पेज केली, थर्मासात भरली. ऑगडेनबाईंनी झाकण उघडलं, आत वाकून पाहिलं आणि नाकाला रुमाल लावला. सगळी पेज मोरीत.

"त्यांना सांग बाळ, अंडं सडलंय. पार काळं पडलंय गं!"

"सडलेलं नाही, मुरवलेलं आहे. तुमचं निळ्या बुरशीचं चीज नसतं का, तसं."

"चीजची गोष्ट वेगळी," असं म्हणून त्यांनी माझी पाठ थोपटली. बाई मनानं वाईट असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

काकांनी हार मानली नाही. दुसऱ्या दिवशी अंडं न घालता नुसती पांढरी पेज आणली, चवीला मीठ आणि आलं. "अंड्याला भितात. भाताला कशाला भितील?" ते म्हणाले.

भाताला बाई खरंच भ्यायल्या नाहीत. उलट हरखल्या. "अगं बाई, तांदळाची खीर! साखर घालायला विसरले बिचारे!" मी तोंड उघडेपर्यंत त्यात गार दूध, साखर आणि वर चमचाभर लाल जॅम पडलासुद्धा. काकूच्या ओठांना चमचा लागला, तिनं काकांकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. पुन्हा ते कशालाच उघडलं नाही. त्याच आठवड्यात ती उपाशी गेली.

"तुम्ही तिथंच उभे होतात ना? बोलला का नाहीत?" मी काकांवर ओरडले.

"बाईंनी प्रेमानं केलं होतं गं. त्यांना वाईट वाटलं असतं."

वसंतात आमच्यात थडगी झाडून तिथं जेवण ठेवतात. काकांनी त्या दिवशी दुकान बंद ठेवलं. काळ्या अंड्याची पेज केली, काकूच्या थडग्यावर नेऊन ठेवली, वर आणखी दोन अंडी चिरून मांडली, जेवायच्या काड्या ठेवल्या. "आता खा निवांत. इथं अडवायला कोणी नाही," असं तिला मोठ्यानं सांगितलं. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना मनापासून हसताना पाहिलं.

शनिवारी ऑगडेनबाई काउंटरपाशी आल्या. डोळे भरलेले.

"कोणत्या तोंडानं सांगू, मिस्टर पांग? मी तुमच्या मिसेसना फुलं वाहायला गेले होते. कोणा मवाल्यांनी थडग्यावर कुजकी अंडी आणि कसला तरी चिखल टाकला होता! मी सगळं घासून धुऊन काढलं. कण ठेवला नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"काय म्हणते?" काकांनी विचारलं. मी शब्दन् शब्द सांगितला. का सांगितलं, कोण जाणे. एकटीनं ते पोटात ठेवणं मला झेपलं नसतं.

काका डाव हातात धरून उभे राहिले. मग त्यांना येत होती तेवढ्याच इंग्रजीत म्हणाले, "थँक्यू, मॅडम." बाईंचं नेहमीचं तळलेलं डुकराचं मटण बांधलं, त्यावर लाल गोड रस्सा ओतला, आणि थांबून आणखी एक डाव ओतला.

मग सवयीनं मधलं दार लोटून घेतलं. मागं आता काहीच शिजत नव्हतं.