मंद्रूपकरांनी न मागितलेली माफी

भीमराव मंद्रूपकर गेल्या महिन्यात, गुरुवारी सकाळी, सोलापूरच्या सरकारी इस्पितळात क्षयाने वारले. अंत्ययात्रेला आम्ही मोजकेच होतो. शोकसभेला मात्र सभागृह भरले.

भीमराव आमच्या साप्ताहिकात चित्रकथा लिहीत. दर शनिवारी शेवटच्या पानावर चार चौकटी. चित्रे नरसय्या काढी, शब्द भीमरावांचे. कथेचा नायक गिरणीतला बदली मजूर. रोज पहाटे फाटकावर उभा राहायचा आणि कुणी गैरहजर असेल तरच आत जायचा. सोलापुरावरचा तीस सालचा लष्करी कायदा उठल्यावर या मजुराने कलेक्टरसाहेबाची टोपी उलटी करून तीत भाकरी ठेवली, तेव्हा भीमरावांवर खटला झाला. गावातल्या एका नामांकित वकिलांनी तो फुकट चालवला. ‘लेखणीला लगाम घालणारे राज्य टिकत नाही,’ असे ते कोर्टात म्हणाले. शिक्षा झालीच. भीमराव सुटून आले तेव्हा पहिला हार वकीलसाहेबांनीच घातला.

भीमराव कोणत्याच पक्षाचे नव्हते, आणि हे कोणालाच पटत नसे. मौलवीवर लिहिले की हिंदू टाळ्या वाजवत, भटजीवर लिहिले की ब्राह्मणेतर पाठ थोपटत. “ज्याची पाळी न्हाय तो हसतोय,” भीमराव म्हणत, “समद्यांची पाळी आली की कळंल.”

ती आली. त्या शनिवारी पहिल्या चौकटीत खुद्द देव बदली मजुरांच्या रांगेत उभा होता. मजूर भरणारा मुकादम, म्हणजे जॉबर, त्याला म्हणतो, “पहिली माझी दस्तुरी, मग काम.” देव म्हणतो, “वळखीचं बोलतोस. माझ्या देवळात पुजारी हेच म्हनतो.” सोमवारी वकीलसाहेब चार प्रतिष्ठितांना घेऊन कचेरीत आले. मी टेबलाशीच होतो.

“भीमराव, सरकारवर लिहा, आम्ही पाठीशी आहोत. पण देवावर?”

“देवावर कुटं लिवलंय, साहेब? देव तर रांगेत गप उभा हाय. जॉबरावर लिवलंय.”

“लोकांच्या भावना दुखावल्या. माफी मागा.”

“कलेक्टरसायबाच्या बी दुखावल्या हुत्या की. तवा तुमी हार घातला.”

मंडळी उठून गेली. पुढच्या शनिवारी पहिल्या पानावर चौकटीत माफी छापून आली, ‘अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो’, आणि खाली भीमरावांचे नाव. अंक हातात घेऊन ते मालकांच्या, आबासाहेबांच्या पुढे उभे राहिले.

“ही माफी कुनाची?”

“तुमची.”

“मी कवा मागितली?”

“तुम्ही मागितली नसती, म्हणून मीच मागून टाकली. छापखाना जाळला असता हो त्यांनी.”

“मग खाली तुमचं नाव टाकायचं की, आबासाहेब.”

भीमरावांनी नोकरी सोडली. ‘ती माफी माझी नाही’ एवढे चार शब्द घेऊन ते गावातल्या प्रत्येक पत्राच्या कचेरीत गेले. राष्ट्रीय म्हणवणाऱ्या पत्राने ही वेळ नव्हे म्हटले, ब्राह्मणेतर पत्राने पुजाऱ्याबद्दल आणखी लिहून मागितले, तिसऱ्याने नुसताच चहा पाजला. छापले कोणीच नाही. मग ते भेटेल त्याला तोंडी सांगू लागले. मंद्रूपच्या बाजारात, चहाच्या दुकानात, अनोळखी माणसालासुद्धा… “ती माफी माजी न्हाय बरं का.” लोक त्यांना लांबून पाहिले की आधीच म्हणत, “व्हय व्हय, तुमची न्हाय.” आणि हसत.

इस्पितळात मी भेटलो तेव्हा खोकला बोलू देत नव्हता. तरी म्हणाले, “येवढं कुटं तरी छापा…”

शोकसभा रविवारी झाली. अध्यक्षस्थानी वकीलसाहेब होते. भीमरावांच्या निर्भीडपणावर ते बराच वेळ बोलले. मग दुखवट्याचा ठराव वाचला. त्यात शब्द होते : ‘सरकारपुढे कधीही न झुकलेला, पण चूक उमगताच समाजाची मोठ्या मनाने क्षमा मागणारा लेखक.’ मी उठून म्हणालो, “अध्यक्षमहाराज, मंद्रूपकरांनी क्षमा मागितली नव्हती. ठरावातले ते शब्द काढावेत.” पहिल्या रांगेत आबासाहेब होते, त्यांनी मान वळवली नाही.

“दुखवट्याच्या ठरावावर चर्चा होत नसते,” अध्यक्ष म्हणाले. “तो मुकाट्याने, उभे राहून संमत करायचा असतो. सर्वांनी उभे राहावे.”

सभागृह उभे राहिले. मी आधीच उभा होतो. ठराव एकमताने संमत झाला.