पोटभाडेकरूचा कीबोर्ड

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एफ दाबला आणि डिस्पॅचच्या स्क्रीनवरचा अख्खा डेस्कटॉप आकसून एवढुसा झाला. अक्षर मात्र उमटलं नाही.

ते सांगतेच. पण आमच्या कंपनीतल्या कॉम्प्युटरांचे किस्से इतके साठलेत, की एक ओढला की मागचे सगळे बाहेर पडतात. तर आधी मागचे.

*

चाकणच्या आमच्या कंपनीत खोक्यांची लेबलं छापणारं सॉफ्टवेअर इतकं जुनं आहे, की नव्या कॉम्प्युटरवर चालतच नाही. म्हणून आयटीत मी ज्यांच्या हाताखाली प्रोबेशनवर आहे, त्या जोशीसरांनी नव्याच्या पोटात एक जुना कॉम्प्युटर बसवलाय. व्हर्च्युअल मशीन. डबा एकच, डेस्कटॉप दोन.

डिस्पॅचचे दत्ताकाका इथल्याच गावचे, घराच्या खोल्या भाड्यानं देणारे. त्यांना हे समजावताना माझ्या घशाला कोरड पडली. शेवटी तेच म्हणाले, "म्हंजी पोटभाडेकरू व्हय! मग आसं सरळ सांग की!"

तेव्हापासून अख्खी कंपनी त्याला पोटभाडेकरूच म्हणते.

*

एकदा स्टोअरच्या सावंत मॅडमचा फोन. "मीनल, कीबोर्ड मेलाय गं! किती वेळा टाइप करू?"

कीबोर्ड ठणठणीत होता. मॅडमनी पोटभाडेकरूच्या खिडकीत क्लिकच केलं नव्हतं! लेबलावरचं सगळं टायपिंग शेजारच्या खिडकीत, कंपनीच्या ग्रुपवर गेलेलं. "ब्रॅकेट लेफ्ट. ब्रॅकेट लेफ्ट. ब्रॅकेट लेफ्ट अर्जंट."

खाली प्लांट हेडचं उत्तर होतं, "नोटेड."

*

मी नवीन असताना माझ्या स्क्रीनवरचा माउस आपोआप फिरायला लागला. मी अशी किंचाळले, की गेटवरचा वॉचमन काठी घेऊन धावत आला. "कुठंय?"

"काय?"

"साप!"

तोवर स्क्रीनवर अक्षरं उमटली होती, "मीनल, घाबरू नकोस. मी जोशी. माझ्या जागेवरून बघतोय."

*

मग एका दुपारी पुन्हा कीबोर्ड बंद. मी धावत गेले, तर दत्ताकाकांचा जेवणाचा डबा कीबोर्डच्या कोपऱ्यावर, नेमका उजव्या कंट्रोलवर! ते बटण म्हणजे पोटभाडेकरूच्या घराचं दार. ते दाबलेलं राहिलं, की आत एक अक्षर पोचत नाही, उलट त्याची खिडकीच लहानमोठी व्हायला लागते.

"काका, डबा उचला. त्यानंच कीबोर्ड अडलाय!"

काकांनी डबा उचलला, भराभर चालू झालेली अक्षरं पाहिली. "च्यायला, भेंडीत एवढी ताकद?"

*

आता खंडेनवमी, दसऱ्याचा आदला दिवस. संध्याकाळी सगळ्या यंत्रांची पूजा. जोशीसर म्हणाले, "पूजेला कळकट कीबोर्ड नको, बरा दिसेल असा ठेवू." म्हणून डिस्पॅचचा चांगला वायरलेस कीबोर्ड होता तसा, चालूच, कॉम्प्युटरच्या वरच्या फळीवर गेला. हळदकुंकू, झेंडू आणि वर मधोमध नारळ. कामाला जुना, वायरचा जोडला.

निघताना सर म्हणाले, "पूजा मी मांडलीय, मीच उचलणार. गावाहून येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. आणि मीनल, मी नसताना एकटीनं सांभाळून दाखव. आलो की तुझ्या कन्फर्मेशनची मेल टाकतो."

आणि सुट्टीनंतर पहिल्याच सकाळी ही एफची तऱ्हा! गेटवर ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढेना, लेबल एक नाही. मी वायर काढून लावली. सावंत मॅडमचा कीबोर्ड आणून जोडला. पोटभाडेकरूला झोपवून पुन्हा उठवलं. अक्षर नाही!

दत्ताकाका आधीच म्हणाले, "माजा डबा पिशवीत हाय हां!"

शेवटी फळीवरचा चांगला कीबोर्डच घ्यावा म्हणून हात वर केला, तर काका ओरडले, "आगं ए! सरांची पूजा हाय, हात न्हाई लावायचा!"

मी दचकून हात मागं घेतला. सरांना फोनवर फोन. रिंग जाते, उचलत नाहीत. माझं कन्फर्मेशन त्या ट्रकबरोबर गेटवर उभं! मी फळीकडं बघून हात जोडले आणि पुन्हा फोन लावला.

"हॅलो, हां मीनल, बोल."

मी एका दमात सगळं सांगितलं. शेवटी तर रडायलाच आले होते. सर अगदी हळू आवाजात म्हणाले,

"मीनल, फळीवरचा नारळ उजवीकडं कलंडलाय का गं?"