एकानं राहिलं

लर्निंग लायसन्ससाठी पनवेलच्या आरटीओत गेले, तेव्हा मी कागद एजंटच्या हाती देऊन मोकळी झाले होते. परीक्षेला न बसवताच तो लायसन्स काढून देणार होता.

बाकावर शेजारी गव्हाण गावची एक मासेवाली बसली होती. पन्नाशीची, केसांत अबोलीचा गजरा, मांडीवर वाहतुकीच्या चिन्हांचं पुस्तक. एकेका चित्रावर बोट ठेवून ती पुटपुटत अर्थ पाठ करत होती. तीनदा नापास झाली होती.

"नवरा गेला, त्याचा टेम्पो दारात उभा हाय," ती मला म्हणाली. "डायवर आला तर मासली बाजारात जाते, नाय आला तर नासते. म्हून आता मीच शिकतंय, बाय."

एजंट जवळ आला. "मावशी, तुमच्यानं नाही व्हायचं. कागद द्या, परीक्षेशिवाय करून देतो."

तिनं पुस्तकावरचं बोट हलवलं नाही. "नको. रस्त्यात पोर आडवं आलं, तर मी ब्रेक मारू का तुला फोन लावू?"

एजंट हसला. मला मात्र मान वर करवेना. मी उठले आणि त्याच्याकडून माझे कागद परत घेतले.

आम्ही दोघी परीक्षेला बसलो. मी पास झाले, ती पुन्हा नापास.

बाहेर एजंटनं विचारलं, "काय झालं, मावशी?"

"एका मार्कानं राहिलं. मागच्या येली चारांनी राहिलं होतं," ती म्हणाली आणि पुढची तारीख घ्यायला खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.