खंडेनवमीचा गूळ

बिरदेवचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. डाळजहून पहिली एस.टी. धरायची, तालुक्याच्या एका सरकारी कचेरीत झाडलोट करायची, माठ भरायचे, मग दिवसभर दप्तरांचे गठ्ठे वाहायचे. ओलं पोतं उचलणं सोपं. जुना कागद त्याहून जड. काम रोजंदारीचं. बायको फुलाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, दिवाळीनंतर बारामतीत ऑपरेशन ठरलं होतं. काम सुटलं की ऑपरेशनही सुटलं.

अठ्ठ्याण्णव साली कचेरीत कॉम्प्युटर आला. सातबारा आता यंत्रातून निघणार, असं सांगितलं गेलं. अव्वल कारकून कुंडलिकराव तेव्हापासून घुमे झाले. उताऱ्यासाठी लोक त्यांच्याच टेबलाशी ताटकळत. ती गर्दी आता दुसऱ्या खोलीकडं वळणार होती. त्या खोलीची किल्ली मात्र त्यांनी आपणहून बिरदेवला दिली. एरवी कपाटाला हात लावू देत नाहीत, ते किल्ली देतात? बिरदेवला तेव्हाच खटकलं.

खंडेनवमीला कचेरीतल्या हत्यारांची पूजा झाली. आधी जीप, मग टाइपरायटर, मग कॉम्प्युटर. साहेबांनी नारळ फोडला. कुंडलिकरावांनी यंत्राच्या डोक्यावरच झेंडू वाहिले, गूळ-खोबरं ठेवलं. संध्याकाळी बिरदेव ते उचलायला गेला, तर म्हणाले, "राहू दे रे. पूजा मोडू नये." पुढं सलग सुट्ट्या होत्या.

कचेरी उघडली तेव्हा यंत्र मुकं. पुण्याहून आलेल्या माणसानं पेटी खोलली. गूळ वितळून फटीतून उतरलेला आणि आत मुंग्याच मुंग्या.

कुंडलिकरावांनी साहेबांना सांगितलं, किल्ली बिरदेवकडं असते, हाच आत बसून भाकरी खातो. शिपाई माऊलीला खरं ठाऊक होतं. तो माठ बघायला बाहेर निघून गेला. साहेबांनी बिरदेवला विचारलं, तुला उद्यापासून का ठेवावं?

"भाकरी मी जिन्याखाली खातो, साहेब. गूळ कुणी ठेवला ते तुमीच बघितलंय. नारळ तुमच्या हातचा हाय."

साहेबांनी कुंडलिकरावांकडं एकदा बघितलं आणि अहवालाचा कागद पुढं ओढला. वर कळवलं गेलं ते एवढंच, की मुंग्यांमुळं बिघाड. नाव कुणाचंच नाही. बिरदेवकडून किल्ली काढून घेतली, काम तेवढं टिकलं. गूळ श्रद्धेनं राहिला की डावानं, हे त्याला शेवटपर्यंत उमगलं नाही. कुंडलिकरावांनी पुढं केलेला चहा मात्र त्यानं पुन्हा कधी घेतला नाही.

दिवाळी सरली आणि गठ्ठे वाहून साठवलेल्या मजुरीत फुलाबाईचा उजवा डोळा झाला. डावा पुढच्या साली, त्याच मजुरीत.