धूर कुठून येतोय?

कॉलनीचा एक किस्सा सांगायला घ्यावा, तर तो संपायच्या आधी दुसरा दारात उभा! आधी माझा मोठा भाऊ सांगायचा आणि मी नुसता हसायचो. दादाला जाऊन सोळा दिवस झाले. आता मलाच सांगावे लागतात. जो तो विचारतो, वहिनी आणि तू बंगल्यात राहणार की गावाला परत जाणार? त्याचं उत्तर देत बसण्यापेक्षा किस्से बरे. शाळा मी सातवीत सोडली, मागचं-पुढचं झालं तर सांभाळून घ्या.

*

आम्ही जामखेडकडचे. आई-बाप ऊसतोडीला जायचे. दादा कोयता टाकून जेसीबीवर बसला, पुढे स्वतःचं मशीन घेतलं. नगरच्या ह्या कॉलनीतल्या निम्म्या बंगल्यांचा पाया त्यानंच खोदला. डॉक्टर, प्राध्यापक, मोठ्या साहेबांची वस्ती! त्यांची पोरं पुण्याला, अमेरिकेला गेली, तसे प्लॉट आणि बंगले विकायला निघाले आणि आमच्यासारखे येऊ लागले.

शेवटचा मोकळा प्लॉट दादा खोदत होता. समोरच्या बंगल्यातले काका बाहेर आले. पाटबंधाऱ्यातून रिटायर झालेले इंजिनिअर.

"अरे, नीट खोद. उद्या इथं कुणाचं तरी घर व्हायचंय!"

दादा वरूनच ओरडला, "व्हय काका, माझंच!"

*

राहायला आलो त्याच आठवड्यात शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी मला गेटवर गाठलं. "ए ड्रायव्हर, तुझ्या साहेबांना सांग, गाडी जरा आत घ्या."

माझं डोकं सटकलं. दादा बनियनवर गाडी धूत होता. त्याला सांगितलं, आत्ता जाऊन भांडतो! त्यानं बादली माझ्या हातात दिली आणि स्वतःच बाईंसमोर गेला.

"मॅडम, साहेब अंघोळ करतायत. झाली की सांगतो."

मग आत गेला आणि खरोखर अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, गाडी आत घ्यायला आला!

*

थांबा, एक फेरी मारून येतो. एका जागी बसवत नाही हल्ली.

*

हां. वास्तुशांत. दादा-वहिनी घरोघरी कुंकू लावून चूलबंद आवतण देत फिरले.

काका म्हणाले, "चूलबंद म्हणजे काय?"

"म्हंजी तुमच्याकडं त्या दिवशी कायबी शिजवायचं न्हाई. झाडून सगळ्यांनी आमच्याकडं जेवायचं."

"असं असतं होय!"

"उलटं बी असतंय की काका. घरात मयत झालं, की आमची चूल बंद. मग भाकरी शेजाऱ्यानं आणायची."

वहिनीनं दादाला कोपरानं ढोसलं. "शुभ बोला की जरा!"

जेवायला घरटी एक माणूस आला. शिरा चमचाभर खाल्ला, हातात पुष्पगुच्छ दिला आणि निघाला. सगळा स्वयंपाक टेम्पोत घालून आम्ही वीटभट्टीवर नेला. दादा म्हणाला, "लाजत्यात रं. नवीन हायत आपल्यात!"

*

भाकरी आम्हाला चुलीवरचीच लागते. मागच्या अंगणात वहिनीनं चूल घातली. झालं! रोज सकाळी कॉलनीच्या ग्रुपवर काकांचा मेसेज: "धूर कुठून येतोय?"

काकांना दिसत होतं कुठून येतोय ते. तरी रोज विचारायचे!

दादाला टाईप करायचा कंटाळा. तो रोज व्हॉईस मेसेज टाकायचा. "आमच्याकडून येतोय काका. भाकरी चालू हायत. पाठवू का एक?"

दीड वर्ष हे चाललं. काकांनी एकदाही भाकरी मागितली नाही.

*

आता शेवटचा. दादा गेला त्या दिवसाचा.

सकाळी मशीनवर चढताना छातीत कळ आली. दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही. दुपारी अमरधामातून घरी आलो. भावकी कर्नाटकात ऊसतोडीला; निघाली होती, पण पोचायला दुसरा दिवस उजाडणार. घरात वहिनी, दादाच्या दोन पोरी आणि मी. कॉलनीतली माणसं आली, हात जोडले, गेली.

मी पेटलो. "वहिनी, सामान बांधा! उद्या टेम्पो आणतो. आपली चूल बंद पडली तर हितं कोन इचारनार हाय?"

वहिनी भिंतीला टेकून बसली होती. मीच पोत्यात भांडी भरायला लागलो. धाकटी पोर मला म्हणाली, "काका, भूक लागली." मी आणखी जोरात भांडी आपटली.

दिवस मावळायला धुराचा वास आला. सुतकात चूल कुणी पेटवली? तडक अंगणात गेलो. चूल गार. राखेत मांजर झोपलेलं.

तेवढ्यात मोबाईल वाजला. ग्रुपवर डॉक्टरीणबाई: "धूर कुठून येतोय?"

आज तरी विचारू नये ना! चांगली शिवी हासडायची म्हणून मी व्हॉईस मेसेजचं बटण दाबलं. तोंड उघडणार, तोच खाली काकांचा मेसेज येऊन पडला. एकेक अक्षर लावून वाचला.

"माझ्याकडून येतोय. भाकरी चालू आहेत."