भज्यांच्या वासाचा जनरेटर

आज दुपारी वाघोलीत आमच्या जनरेटरचं इंजिन उघडलं. निकालाच्या दिवशीही माझ्या छातीत एवढं धडधडलं नव्हतं!

माझ्या वडिलांचा, आप्पांचा, मंडप-लायटिंगचा व्यवसाय आहे आणि मी घरातली पहिली इंजिनिअर. लग्नांत तळणीचं उरलेलं तेल गाळून त्यावर जनरेटर चालवायचा, हा वर्षभरापूर्वीचा हट्ट माझाच. तेव्हापासून धुराच्या वासाने पाहुणे मंडपामागे येऊन विचारतात, "भजी इथे मिळतात का?"

पण खाद्यतेल डिझेलपेक्षा घट्ट असतं. थंड इंजिनात ते नीट जळत नाही. हळूहळू काजळी साठते, पिस्टनच्या रिंगा चिकटतात आणि इंजिन कायमचं बसतं. म्हणून माझा नियम होता की सुरू करताना डिझेल आणि बंद करण्याआधीही थोडा वेळ डिझेलच. आप्पा चिडवायचे, "मॅडम, इंजिनाला जेवल्यावर चूळ भरायला लावणार का?"

आमच्याकडे जनरेटर एकच आणि लग्नसराई तोंडावर. तो बसला असता तर?

मेकॅनिक सलीमचाचांनी पिस्टन बाहेर काढला. इंधन फवारणाऱ्या नोझलवर थोडी काजळी होती, पण रिंगा बोटाने अलगद फिरत होत्या!

"तेलावर चालवून एवढं स्वच्छ? आप्पा, काय जादू केलीत?"

आप्पा गंभीरपणे म्हणाले, "अहो, जेवल्यावर चूळ भरायला लावायची. इंजिनाचा साधा नियम आहे."

मी ओढणीत तोंड लपवून हसत राहिले. पदवी आज घरी पोहोचली असं वाटलं.

तुमच्याही घरी आहे का असं कुणी, आधी तुमची चेष्टा करणारं आणि मग तुमचंच म्हणणं ऐटीत जगाला सांगणारं?